ड्रायरमध्ये काय घालायचं, कशासोबत घालायचं आणि काय बाहेरच ठेवायचं

जून लागला की घोडबंदर रोड असो नाहीतर खारघर, सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो, कपडे वाळत नाहीयेत, ड्रायर घेऊ का? खाली उत्तरं येतात ती दोन टोकांची. कोणी म्हणतं डोळे झाकून घ्या, कोणी म्हणतं कपड्यांची वाट लागेल आणि बिल बघून चक्कर येईल. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं, कारण ड्रायर चांगला की वाईट हे मशीनपेक्षा तुम्ही त्यात काय आणि कशासोबत टाकता यावर ठरतं. आणि नेमकं तेच कोणी नीट सांगत नाही. दुकानदार तर नाहीच नाही.

मी कपडे बाहेर वाळत घालायला बंदी असलेल्या टॉवरमध्ये राहते. ड्राय बाल्कनी आहे, छताला तो दोरी ओढून खाली-वर करायचा रॉड पण आहे, पण जुलैत त्यावर टांगलेली जीन्स तिसऱ्या दिवशी पण कमरेपाशी ओलीच लागते. त्यामुळे हा सगळा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पावसाळ्यात कपडे वाळत का नाहीत

थंडी असते म्हणून नाही. हवेत आधीच पाणी भरलेलं असतं म्हणून. हवा जास्तीत जास्त जेवढं पाणी धरू शकते त्याच्या किती टक्के पाणी तिच्यात आत्ता आहे, याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. जुलैत आपल्याकडे ती ८५-९० टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे कपड्यातलं पाणी घ्यायला हवेत जागाच उरत नाही.

आता गंमत अशी की हवा तापवली की तिची पाणी धरायची ताकद झपाट्याने वाढते. २८ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली तर तीच आर्द्रता १७-१८ टक्क्यांवर येते. हवेतलं पाणी तेवढंच, पण आता तिला भरपूर तहान आहे. ड्रायर एवढंच करतो, हवा तापवतो, ती फिरणाऱ्या कपड्यांमधून सोडतो आणि ओली झालेली हवा बाजूला काढतो. नुसत्या उष्णतेने काम होत नाही, हवा खेळती पण लागते, म्हणूनच ड्रम गच्च भरला की कपडे तास तास गरम होतात पण वाळत नाहीत.

तुमच्याकडचा ड्रायर नक्की कुठला

हे आधी बघा, कारण सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या उजवीकडच्या छोट्या टबलाही घरोघरी ड्रायरच म्हणतात. त्यात उष्णता अजिबात नसते. तो कपडे जोरात गरागरा फिरवून पाणी पिळून काढतो, बस. या लेखात ड्रायर म्हणजे गरम हवेवर कपडे वाळवणारं मशीन.

त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिला व्हेंटेड, जो ओली गरम हवा पाइपने बाहेर फेकतो. दुसरा कंडेन्सर, हा त्या हवेतलं पाणी आतल्या आत गार करून टाकीत जमा करतो. तिसरा हीट पंप, यात एसीत असतो तसा कॉम्प्रेसर असतो, एकदा वापरलेली उष्णता तो परत परत वापरतो, त्यामुळे वीज कमी लागते आणि तापमानही कमी राहतं, पण वेळ जास्त लागतो आणि मशीन महाग येतं. शिवाय धुणं आणि वाळवणं एकाच ड्रममध्ये करणारी कॉम्बो मशीन असतात. त्यांच्याबद्दल एक गोष्ट विकताना सांगत नाहीत, ती म्हणजे धुवायची क्षमता ८ किलो असली तरी वाळवायची ५ किलोच्या आसपास असते, म्हणजे धुऊन झाल्यावर तीन किलो कपडे बाहेर काढावे लागतात. आणि काही कॉम्बो मॉडेल वाफ गार करायला नळाचं पाणी वापरतात, पाणीकपातीच्या दिवसांत हे लक्षात ठेवायला हवं.

खरी बचत स्पिनमध्ये आहे

पाणी पिळून काढायला फारच कमी वीज लागते, वाफ करून उडवायला भरपूर. एक लिटर पाणी उडवायला साधारण पाऊण युनिटच्या जवळपास ऊर्जा लागतेच, ते निसर्गाचं गणित आहे, कुठल्याही कंपनीला ते चुकवता येत नाही, हीट पंप सुद्धा तीच उष्णता परत वापरून काम भागवतो. ५ किलो सुती कपडे १००० आरपीएमवर (म्हणजे मिनिटाला १००० फेऱ्यांनी) स्पिन केले तर त्यात अंदाजे ३ लिटर पाणी उरतं, १४०० वर केले तर अडीच लिटरच्या आसपास. ७०० आरपीएमच्या टॉप लोडमधून आलेल्या कपड्यात याहून बरंच जास्त. म्हणून ड्रायर लावायच्या आधी चादरी, टॉवेल, जीन्स यांना एक जादा स्पिन द्या. सेमी-ऑटोवाल्यांनी त्या छोट्या टबात पूर्ण पाच मिनिटं फिरवा, त्याचा वेग १३०० च्या आसपास असतो आणि तो चांगलं काम करतो. नुसत्या या एका सवयीने ड्रायरची दहा-पंधरा मिनिटं सहज वाचतात.

मुख्य मुद्दा: रंगाप्रमाणे नाही, जाडीप्रमाणे वेगळे करा

धुताना आपण पांढरे वेगळे, रंगीत वेगळे करतो आणि वाळवताना तोच गठ्ठा उचलून तसाच ड्रायरमध्ये टाकतो. इथेच सगळं बिघडतं. तांदूळ आणि राजमा एकाच भांड्यात घालून कुकर लावला तर राजमा शिजेपर्यंत भाताची पेज होते, तसंच इथे. टॉवेल वाळेपर्यंत त्याच्यासोबतचा टेरीकॉटचा शर्ट केव्हाच वाळलेला असतो आणि वरून आणखी अर्धा तास तापत बसतो. कपडे खराब होतात ते बहुतेक वेळा या जास्तीच्या अर्ध्या तासात. धागे ठिसूळ होतात, रंग उडतो, इलास्टिक ढिलं पडतं, कृत्रिम धाग्यांमध्ये स्थिर वीज साठून कपडे अंगाला चिकटायला लागतात. म्हणून साधारण एकाच वेळात वाळणारे कपडे एकत्र, हा एकच नियम पाळला तरी पुरे.

टॉवेल आणि पंचे यांच्यासाठी तर ड्रायर म्हणजे वरदान आहे. पावसाळ्यात दोरीवर वाळलेला टॉवेल हाताला खरखरीत, पापडासारखा कडक लागतो ना, कारण त्यावरचे बारीक बारीक लूप ओलेपणी एकमेकांना चिकटून तसेच वाळतात. ड्रायरमध्ये वाळत असताना ते सतत हलत राहतात, त्यामुळे सुटे आणि उभे राहतात. टॉवेलला सॉफ्टनर मात्र वापरू नका, त्याचा पातळ थर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

चादरींचा घोळ वेगळाच असतो. डबल बेडची चादर फिरता फिरता गुंडाळत जाते आणि तिचा मोठा गोळा होतो, बाहेरून कोरडा खडखडीत, आत हात घातला की गार आणि ओला. कोपऱ्यात इलास्टिक असलेली चादर तर वाटेत येईल ते गिळते, मोजे, रुमाल, उशीचे अभ्रे, सगळं त्या कोपऱ्यांमध्ये जाऊन बसतं. उपाय सोपा आहे, एकावेळी एक किंवा फार तर दोन चादरी टाकायच्या, अर्ध्या वेळात मशीन थांबवून झटकून परत टाकायच्या. लोकरीचे ड्रायर बॉल किंवा दोन स्वच्छ टेनिस बॉल सोबत टाकले की गोळा कमी होतो.

शाळेचे युनिफॉर्म बहुतेक टेरीकॉटचे असतात, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुती मिश्रण. पॉलिएस्टर तापल्यावर नरम होतं आणि गार होताना ज्या आकारात असेल तो आकार पकडतं. म्हणून शर्ट गरम गरम मशीनमध्येच पडून राहिला तर ज्या सुरकुत्या पडतात त्या इस्त्रीला पण दाद देत नाहीत. यासाठीच बहुतेक मशीन शेवटची काही मिनिटं गार हवा फिरवतात, ती मध्येच बंद करू नका आणि संपल्या संपल्या कपडे काढून हँगरला लावा. जरासे दमट असतानाच काढले आणि पंख्याखाली टांगले तर अजून उत्तम.

जीन्स उलटी करून, चेन लावून टाकायची. खिसे आणि कंबर सगळ्यात शेवटी वाळतात, पण त्यांच्यासाठी आख्खी पँट भाजत बसायची गरज नाही, बाकीची कोरडी झाली की काढून टांगून ठेवा.

आतले कपडे, बनियन, मोजे, लंगोट हे छोटे कपडे एकटे टाकले तर वेगळाच प्रॉब्लेम येतो. सेन्सरवाल्या मशीनमध्ये दरवाज्याजवळ किंवा ड्रममध्ये धातूच्या दोन पट्ट्या असतात, ओला कपडा त्यांना टेकला की थोडी वीज वाहते आणि मशीनला कळतं की अजून ओल आहे. चार मोजे टाकले तर ते पट्ट्यांना टेकतच नाहीत आणि मशीन पाच-दहा मिनिटांत झालं म्हणून थांबतं. म्हणून सोबत एक-दोन पातळ टॉवेल टाका किंवा सरळ टायमरवर लावा. आणि या पट्ट्या अधूनमधून ओल्या फडक्याने पुसा, सॉफ्टनरचा चिकट थर बसला की सेन्सर चुकतो.

गोधडीचं मात्र काळजीपूर्वक करा. जुन्या सुती साड्यांचे थर असतात, वरचा थर वाळला की मशीनला वाटतं झालं आणि आत ओल तशीच राहते, चार दिवसांनी कुबट वास येतो. गोधडी टाकायचीच तर एकटी टाका, दोन-तीनदा घडी बदलून टाका आणि नंतर एक रात्र पंख्याखाली पसरून ठेवा. पिंजलेल्या कापसाची रजई मशीनमध्ये अजिबात नाही, कापसाचे गठ्ठे होतात.

लेबलवरचा चौकोन वाचायला शिका

कॉलरमागे किंवा शिवणीत जे छोटं लेबल असतं त्यावर चौकोनात गोल काढलेला असतो, ते ड्रायरचं चिन्ह. गोलात एक ठिपका असेल तर कमी तापमान, बाहेर पडणारी हवा ६० अंशांपर्यंत. दोन ठिपके म्हणजे नेहमीचं, ८० अंशांपर्यंत. फुली मारलेली असेल तर टाकू नका, त्यावर चर्चा नको. लेबलच नसेल, आणि आपल्याकडे शिवून घेतलेल्या ड्रेसला ते कुठून असणार, तर कापड कुठलं ते विचारात घ्या आणि शंका आली तर टांगा.

काय अजिबात टाकायचं नाही

पैठणी, बनारसी, जरीचं काहीही, रेशीम. जरीत धातूचा धागा असतो, तो घासला जाऊन तुटतो आणि रेशमाची चमक जाते. लोकरीचे स्वेटर पण नाहीत, लोकरीच्या धाग्यावर सूक्ष्म खवले असतात, ओल, उष्णता आणि आपटणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि आटलेलं स्वेटर परत मोठं होत नाही. कांजी केलेल्या सुती साड्या नाहीत. तशीही सहावारी किंवा नऊवारी साडी ड्रममध्ये पीळ पडून दोरखंड होते, तिच्यासाठी स्पिन आणि पंखा हाच मार्ग बरा. जिमचे लेगिंग, ब्रा, ताणणारं काहीही असेल तर उष्णतेने त्यातला लवचिक धागा मरतो, ते टांगूनच वाळवा, नाहीतरी ते पटकन वाळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रबर किंवा फोम असलेली वस्तू, म्हणजे मागे रबर असलेलं बाथरूमचं पायपुसणं, फोमची उशी, रेनकोट, ड्रायरमध्ये कधीच नाही. पेट्रोल, रॉकेल, थिनर लागलेले कपडे कधीच नाहीत, धुतलेले असले तरी नाहीत. आणि तेल. बाळाच्या मालिशचे टॉवेल, डोक्याला तेल लावून झोपतात त्या उशांचे अभ्रे, किचनमधली फडकी. तेल एका धुण्यात पूर्ण निघत नाही, तेलकट कापड गरम होऊन गठ्ठ्यात पडून राहिलं तर तेलाची हवेशी प्रक्रिया होऊन ते स्वतःहून आणखी तापत जातं आणि त्यातून आग लागू शकते. असे कपडे गरम पाण्यात जास्त डिटर्जंट घालून आधी नीट धुवा, हुंगून बघा, तेलाचा वास असेल तर बाहेरच वाळवा. मालिशची फडकी मी ड्रायरमध्ये टाकूच नका म्हणेन, पातळ असतात, पंख्याखाली वाळतात.

"पण कपडे आटतात ना?"

सुती कपडे आटतात, खरं आहे. कापड विणताना धागे ताणलेले असतात, पाणी, उष्णता आणि हलवणं मिळालं की ते आपल्या मूळ लांबीकडे परत जातात. होजिअरीचे, ताणले जाणारे टीशर्ट जास्त आटतात, चादरी कमी. यातलं बरंचसं आटणं पहिल्या काही धुण्यांतच होतं. त्यामुळे अगदी मापात बसणारा नवीन सुती कुर्ता पहिले काही महिने ड्रायरपासून लांब ठेवा आणि बाकी सुती कपडे कमी तापमानावर, पूर्ण खडखडीत व्हायच्या आधी काढा.

"बिल किती येईल?"

५ किलो कपड्यांना हीटरवाला ड्रायर, म्हणजे व्हेंटेड किंवा साधा कंडेन्सर, साधारण ३ युनिट घेतो, हीट पंप एक-सव्वा युनिट. म्हणजे हीटरवाल्याची एक फेरी ही दीड टनाचा एसी दोन-तीन तास चालवण्यासारखी. पावसाळ्यात महिन्याला पंधरा फेऱ्या धरल्या तर ४५ युनिट, हीट पंपवर १५ ते २०. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे आहेत. ३०० ओलांडले की आख्खं बिल महाग होतं असा खूप जणांचा समज आहे, तो चुकीचा आहे, ३०० च्या वर गेलेल्या युनिटनाच वरचा दर लागतो. तुमच्या मागच्या बिलावर टप्पा बघा, त्या टप्प्याचा दर गुणिले ४५, हिशोब झाला. तरी सांगते, वर्षभर रोज ड्रायर लावायचा असेल तर हीट पंपच घ्या, आणि फक्त जून ते सप्टेंबर लावणार असाल तर हीटरवाला पण परवडतो. ऑक्टोबर ते मे आपल्याकडे ऊन फुकट आहे, ते वापरा.

"पंख्याखाली वाळतातच की, मग?"

वाळतात, पण किती वेळात हे महत्त्वाचं. तो ओला कुबट वास जंतूंचा असतो, जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जंतू त्यामागे असल्याचं दाखवलं. कपडा जितका वेळ ओला राहतो तितकी त्याला वाढायला संधी. त्यामुळे दोन दिवस टांगून वाळलेला टॉवेल कोरडा असूनही अंग पुसताना वास मारतो. इथे ड्रायर अर्धवट वापरणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, वीस-पंचवीस मिनिटं लावून बरीच ओल काढायची आणि मग पंख्याखाली दोन तास. वीज निम्मी, वास नाही, कपडे पण टिकतात.

अजून एक, प्रवासातून ढेकूण आल्याचा संशय असेल तर कपड्याला चालत असेल तेव्हा जास्त तापमानावर अर्धा तास फिरवलं की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. एवढ्या बाबतीत ड्रायर दोरीपेक्षा खूपच पुढे आहे.

"आग लागते म्हणे"

लागू शकते, आणि बहुतेक वेळा टाळता येते. प्रत्येक फेरीत कपड्यांतून बारीक धागे निघतात, ते जाळीत जमतात, राखाडी कापसासारखा थर. तो अतिशय पटकन पेट घेतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० च्या आकडेवारीत तिथल्या घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या आणि सगळ्यात मोठं कारण होतं सफाई न करणं. म्हणून जाळी प्रत्येक फेरीनंतर, आठवड्याने नाही, प्रत्येक फेरीनंतर साफ करायची. खिसे तपासायचे, लायटर, पेन, पॉवर बँक. प्लग थेट १६ अँपिअरच्या पॉइंटमध्ये, एक्स्टेंशन बोर्ड नाही, कारण हीटरवाला ड्रायर दोन हजार वॉटच्या वर खेचतो. आणि मशीन लावून घराबाहेर पडायचं नाही, रात्री लावून झोपायचंही नाही.

ठेवायचा कुठे

व्हेंटेड ड्रायर पाइप न जोडता बंद ड्राय बाल्कनीत चालवला तर कपड्यातलं ते ३ लिटर पाणी भिंतीवर जाऊन बसतं, महिन्याभरात कोपऱ्यात काळी बुरशी दिसायला लागते आणि मग लोक गळतीसाठी वरच्या मजल्यावरच्यांना दोष देतात. पाइप खिडकीतून सरळ बाहेर काढा, जितका छोटा आणि कमी वळणाचा तितका चांगला, आणि तो पण वर्षातून एकदा आतून साफ करा. खिडकीला तशी जागाच नसेल तर व्हेंटेड घेऊ नका, कंडेन्सर किंवा हीट पंप बघा. त्याच्या टाकीतलं पाणी प्यायचं नाही पण फरशी पुसायला, फ्लशला बिनधास्त वापरा. मशीनच्या मागे-बाजूला हवा खेळायला थोडी जागा सोडा, वर कपड्यांचे ढीग आणि डिटर्जंटचे डबे रचू नका, आणि घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर ड्रमचं दार कायम बंद ठेवा आणि चालू करायच्या आधी एकदा आत बघा.